आई जिनोआत रस्ता चुकली तेव्हा

मी अमेरिकेला निघाले तेव्हा साताऱ्याहून मुंबईच्या विमानतळावर मला सोडायला जीपभर माणसं आली होती. आई-बाबा, दोन मामा, एक आत्या, आणि ज्यांचं माझ्याशी नक्की काय नातं आहे हे मला आजही नीट सांगता येणार नाही असे एक अण्णा. आत्यानं लोणावळ्यापासूनच डोळ्यांना पदर लावला होता. बाबा सारखे "पासपोर्ट आहे ना?" विचारत होते. आई तेवढी कोरडी. तिची सगळी नोकरी पोस्टाच्या काउंटरवर गेली. रांग दिसली की ती शिस्तीला लावायची हा तिचा स्वभावच होऊन बसला होता. दारापाशी मला एकदम हुंदका आला आणि मी ट्रॉली धरून तशीच उभी राहिले, तेव्हा ती म्हणाली, "मधू, रडायचं तर आत जाऊन रड. मागं लोक थांबलेत." मी खरोखरच आत गेले आणि सिक्युरिटीच्या पलीकडे एका खुर्चीवर बसून पोटभर रडले.

हे वाचणाऱ्यांपैकी काही जण माझ्यासारखे त्या दारातून आत गेलेले असतील आणि काही जण बाहेर थांबलेले. आत गेलेल्यांना पुढचं फार सांगायला नको. चार मुलींनी मिळून घेतलेलं अपार्टमेंट, एकच कुकर, तो कुणी घासायचा यावरून होणारी भांडणं, पहिली इंटर्नशिप, पहिली गाडी, मग लग्न, मुलगी, आणि व्हिसाच्या स्टॅम्पिंगची धाकधूक. असं करत करत नॉर्थ कॅरोलायनातल्या मॉरिसव्हिलला आमचं बस्तान बसलं. इथे आमच्या गल्लीत मराठी कुजबुजणंही धोक्याचं आहे, कारण शेजारच्याला ते कळतं. रविवारी मुलांची मराठी शाळा असते. गणपती शनिवारी बसतो, कारण बाप्पालाही वीकेंड बघूनच यावं लागतं. इंडियन स्टोअरमध्ये कढीपत्ता, अळूची पानं, अगदी पुरणपोळीसुद्धा मिळते. पूर्वी मी साताऱ्याहून येताना बॅगेत मसाला कोंबून आणायची. आता आईच मला सांगते, तुमच्याकडं चांगली हळद मिळते ती घेऊन ये.

म्हणजे सगळं होतं. आई तेवढी नव्हती.

बाबा गेल्यापासून ती साताऱ्याला एकटीच राहते. मी इथली नागरिक झाले आणि आता तिला ग्रीन कार्डावर कायमचं आणता येईल हे कळलं, तेव्हापासून माझ्या डोक्यात दुसरं काही नव्हतं. खालच्या मजल्यावरची खोली तिच्यासाठी रंगवून घेतली. बाथरूममध्ये धरायला दांडे बसवले. देवघरसुद्धा करून घेतलं, तिच्या उंचीचं. दर फोनवर मी विषय काढायची आणि दर फोनवर ती म्हणायची, "बघू." आईच्या "बघू"चा अर्थ साताऱ्यातल्या समस्त जनतेला माहीत होता. काउंटरवर तिनं "बघू" म्हटलं की माणूस मुकाट्यानं दुसऱ्या दिवशी यायचा. पण मी पडले मुलगी, मला ते होकारासारखंच ऐकू येत होतं.

खरं तर ती मॉरिसव्हिलला याआधी येऊन गेली होती. पहिले पंधरा दिवस कौतुकात गेले. मग ती खिडकीशी बसायला लागली. एकदा मला म्हणाली, "घरं दिसतात, गाड्या दिसतात. इथं माणसं ठेवतात कुठं?" एका दुपारी ती पिशवी घेऊन फिरायला म्हणून बाहेर पडली, तर सबडिव्हिजनच्या ग्रुपवर लगेच मेसेज आला, एक वयस्कर बाई साडी नेसून पिशवी घेऊन रस्त्यानं चालतेय, इज शी ओके? एका भल्या शेजाऱ्यानं तिला गाडीतून घरी आणून सोडलं. सगळे तिच्याशी इतके चांगले वागले की तिला चिडताही येईना. त्यानंतर मात्र ती एकटी बाहेर पडली नाही.

तर या उन्हाळ्यात मी एक बेत केला. आईला मुंबईहून थेट अमेरिकेला आणायच्या ऐवजी वाटेत इटलीत थांबायचं. मी आणि माझी तेरा वर्षांची मुलगी अन्वी इकडून जाणार, आई तिकडून येणार, काही दिवस मजेत घालवायचे आणि मग तिघींनी मिळून मॉरिसव्हिलला यायचं. माझ्या नवऱ्याला, निखिलला, सुट्टी नव्हती. आमच्यात लोकांचं इटली रोम, व्हेनिस आणि तो कललेला मनोरा एवढ्यात "होतं". मी जिनोआ निवडलं, कारण माझ्या ऑफिसातल्या एका माणसाचे पणजोबा तिथल्या बंदरातून बोटीत बसून अमेरिकेला आले होते आणि तो दर लंचला त्या गावाचं वर्णन करायचा. शिवाय मी प्रोजेक्ट मॅनेजर. ऑफिसात कुठलाही मोठा निर्णय पास करून घ्यायचा असला की आधी समोरच्याला चांगलं जेवायला घालायचं, चांगलं दृश्य दाखवायचं, मग विषय काढायचा, ही माझी कामाची पद्धत. आईच्या बाबतीत मी तेच करणार होते. कुठल्या संध्याकाळी कुठल्या बाकावर बसून विचारायचं, हेसुद्धा ठरवून ठेवलं होतं.

जिनोआ हे डोंगर आणि समुद्र यांच्यामध्ये चेंगरून बसलेलं गाव आहे. जागा नाही म्हणून घरं एकावर एक चढलेली, आणि त्यांच्यामधून इतक्या अरुंद गल्ल्या की हात पसरले तर दोन्हीकडच्या भिंतींना लागतात. वर वाळत घातलेले कपडे. खाली मासळीचं दुकान, त्याला लागून न्हावी, त्याला लागून संगमरवरी जिन्याचा राजवाडा. आम्ही एका जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर घर घेतलं होतं, काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या मोठ्या चर्चच्या मागे. पहिल्या मजल्यावर ब्रूना नावाच्या आजी राहत. त्या दार उघडं टाकून बसत आणि जाणाऱ्या-येणाऱ्याला हाक मारत. आईनं पहिल्याच दिवशी त्यांना वाकून नमस्कार केला. त्यांनी तिचे दोन्ही गाल धरून मुका घेतला. आई जिना चढेपर्यंत पदरानं गाल पुसत होती, पण खूश होती.

त्या पट्ट्यांच्या चर्चमध्ये लढाईत पडलेला, न फुटलेला तोफगोळा ठेवलाय. आईनं तो बराच वेळ पाहिला आणि म्हणाली, "देवानं झेलला, मग ठेवणारच की जपून." गल्ल्यांच्या कोपऱ्यांवर उंचावर देवळ्या आहेत, त्यांत मेरीच्या मूर्ती. आईनं प्रत्येकीला हात जोडायला सुरुवात केली. अन्वी कुजबुजली, "मॉम, शी नोज दॅट्स नॉट अवर गॉड, राइट?" आईला इंग्रजी चांगलं कळतं. ती म्हणाली, "कडेवर मूल आहे ना? मग झालं."

आणि मग पहिल्या संध्याकाळी जेवायला बसलो तिथे माझ्या बेताला पहिला सुरुंग लागला. मी मोठ्या हौसेनं जिनोआची खासियत मागवली, पेस्तो घातलेला पास्ता. हिरवागार, वाफाळता. आईनं ताट जवळ ओढलं, वास घेतला आणि थांबली.

"ही तुळस आहे."

"आई, बेझिल आहे ते."

"वास तुळशीचा आहे. तुळस वाटलीय? लसूण घालून?"

"आजी, इट्स जस्ट अ हर्ब," अन्वी म्हणाली.

"तुझ्या हर्बला मी रोज सकाळी पाणी घालते, हळदकुंकू वाहते, कार्तिकात तिचं लग्न लावते. तिचं पान तीर्थात घेतात, तेसुद्धा दातानं चावत नाहीत. आणि इथं संध्याकाळच्या वेळी तोडून चटणी?" तिनं ताट हळूच माझ्याकडे सरकवलं आणि नुसता पाव खाल्ला. जाडसर, मीठ आणि तेल लावलेला तो पाव तिला आवडला. दुसऱ्या दिवशी एका भट्टीत हरभऱ्याच्या पिठाचा मोठ्या परातीतला पोळा मिळाला, तेव्हा ती एकदम खुलली. "हे बेसनाचं धिरडं! यांना जेवायचं कळतं म्हणजे. मग तुळशीच्या मागं का लागलेत?"

तिसऱ्या दिवशी आम्ही बंदरावर गेलो. जुन्या धक्क्याजवळ एक संग्रहालय आहे, त्यात इथून अमेरिकेला गेलेल्या लोकांचं दालन आहे. बोटीच्या पोटातली झोपायची फळकुटं हुबेहूब करून ठेवलीत. त्यावर बसून बघता येतं. अन्वी माहितीच्या पाट्या मोठ्यानं वाचत होती. कोण कुठे गेलं, कुणी बेकरी काढली, कुणी रेल्वे बांधली. मला भरून येत होतं. आपलंच कुणीतरी वाटत होतं ते सगळं. मागे वळून पाहिलं तर आई एका मोठ्या फोटोसमोर उभी होती. सुटणारी बोट, आणि धक्क्यावर रुमाल हलवणाऱ्या बायका.

"गेले त्यांचं सगळं लिहिलंय," ती म्हणाली. "या बायकांचं काय झालं?"

मी पाटीवर शोधलं. काहीच नव्हतं. मला वाटलं, ती स्वतःबद्दल बोलतेय, तिला एकटं पडल्यासारखं वाटतंय, आणि आता अधिक वाट बघण्यात अर्थ नाही. त्याच संध्याकाळी मी तिला शहराच्या वरच्या अंगाला नेलं. तिथे जायला गल्लीतून चक्क लिफ्ट आहे, जुनी, लाकडी बाकांची. वर कठड्याशी उभं राहिलं की दगडी पाट्यांची छपरं, चर्चचे घुमट, बोटी, दीपस्तंभ, सगळं पायांशी पसरलेलं दिसतं. ठरवलेल्या बाकावर बसून मी विचारलं, "आई, मग काय ठरवलंस? तू हो म्हण, बाकी सगळं मी करते."

ती समुद्राकडे बघत होती. "बघू," म्हणाली, आणि अन्वीला विचारायला लागली की ती पांढरी बोट प्रवाशांची की मालाची. ताकास तूर लागू दिली नाही. मी मनातून चिडले. तिच्यावर नाही, त्या बाकावर.

दुसऱ्या दिवशी सकाळी मला जाग आली तर आईचा पलंग रिकामा. चादर घडी करून ठेवलेली. फोन स्वयंपाकघरात चार्जिंगला. चपला नाहीत आणि दाराच्या खिळ्याला अडकवलेली तिची कापडी पिशवी नाही. अन्वीला घरातच थांबायला सांगून मी धावत खाली गेले. त्या गल्ल्या, ज्यांचं आदल्या दिवसापर्यंत मी इतकं कौतुक केलं होतं, आता सगळ्या एकसारख्या दिसत होत्या. मी दुकानदारांना खांद्यावरून पदर घेतल्याची खूण करून दाखवत होते. आणि गंमत म्हणजे आईला सगळ्यांनी पाहिलं होतं! मासेवाल्यानं वरच्या दिशेला हात केला, पाववाल्या बाईनं खालच्या, न्हाव्यानं तर हात जोडून नमस्कार करून दाखवला, म्हणजे ती त्याच्याशी बोलूनही गेली होती. मी धापा टाकत होते आणि मनात एकच चाललं होतं, मी हिला एवढ्या लांब आणली आणि हरवली. बाबा असते तर काय म्हणाले असते.

शेवटी पोलिसांना फोन करायचा म्हणून परत आले, जिना चढायला लागले, आणि पहिल्या मजल्यावरून मराठी ऐकू आलं.

"अहो पुरे, पुरे. अजून किती तेल घालता?"

ब्रूनाआजींच्या स्वयंपाकघरात आई स्टुलावर बसली होती. टेबलावर संगमरवरी खल, त्यात हिरवी चटणी, आणि खलाला टेकवलेला लाकडी बत्ता. बाजूला आईची पिशवी, तिच्यातून फरसबी आणि बटाटे डोकावत होते.

"कुठं होतीस?" मी ओरडलेच.

"मंडईत. ओरडू नकोस, दुसऱ्याच्या घरात आहोत."

मग तिनं सांगितलं ते असं. सकाळी भाजी आणायची तिची सवय, तेव्हा ती निघाली. रस्ता लक्षात ठेवायला तिनं कोपऱ्यावरच्या देव्या धरल्या. निळ्या झग्याच्या देवीपाशी उजवीकडे, पुढे ताजी फुलं वाहिलेली देवी, तिथून चढ. भाजी घेऊन येताना एक देवी चुकली आणि ती भलतीकडेच निघाली, तो समोर समुद्रच! "मग एका बाईला विचारलं," आई म्हणाली.

"कुठल्या भाषेत?"

"मराठीत. घाईत दुसरं सुचलं नाही. चर्चचे पट्टे हवेत काढून दाखवले. ती इटालियनमध्ये सांगत होती. हात दोघींचे सारखेच हलतात गं, कळतं."

परत येऊन जिना चढताना ब्रूनाआजींनी तिला हाक मारून आत बोलावलं. खिडकीत त्यांच्या बेझिलच्या कुंड्या होत्या. आईनं तिथल्याच तांब्यासारख्या भांड्यातून त्यांना पाणी घातलं होतं आणि हात जोडले होते. ते बघून ब्रूनाआजींनी तिला खुर्ची दिली, कॉफी दिली आणि एक पान खुडून हातात दिलं. आईनं ते चुरडून, उलटंपालटं करून, देठापासून टोकापर्यंत तपासलं. पोस्टात येणारं पाकीट ती असंच तपासत असणार. "ही आपली तुळस नाही," तिनं मला निकाल सांगितला. "पान मोठं आहे, तुकतुकीत, लव नाही. तिची चुलतबहीण असेल. चुलतबहिणीचं चालतं." असं म्हणून तिनं पावाच्या तुकड्यावर ती चटणी घेतली आणि खाल्ली. मग आणखी घेतली. ब्रूनाआजींनी टाळ्या वाजवल्या. मी तिथल्याच उंबऱ्यावर बसले.

आईनं माझ्याकडे पाहिलं. ती माझ्याजवळ येऊन बसली, गुडघ्यावर हात टेकत, हळूहळू.

"घाबरलीस?"

"मग काय? हरवली असतीस तर?"

"हरवले होतेच की. थोडा वेळ." ती हसली. लहान मुलीसारखी खूश होती ती, मी बाबा गेल्यापासून तिला तशी पाहिली नव्हती. "मधू, आता ऐक. काल तू विचारलंस ते. तुझं घर चांगलं आहे. खोली चांगली केलीस, देवघर केलंस, सगळं बघितलंय मी व्हिडिओवर. पण तिथं मला चुकायचीसुद्धा सोय नाही गं. तू सोडशील तिथं जायचं, तू आणशील तेव्हा यायचं. साताऱ्यात मी पडले, अडले तर बोलवीन तुला, आणि तू येशील हे मला माहीत आहे. पण पाय चालतायत तोवर मला माझी मंडई पाहिजे. मी येईन दर वर्षी, राहीन, पोरीचे लाड करीन. कायमची नाही."

मला वाईट वाटलं. फार वाईट वाटलं, ते लपवून काय करू. मी त्या खोलीचा रंग तीनदा बदलला होता. पण त्याच वेळी मला हेही स्वच्छ दिसलं, की मी घर सोडलं तेव्हा मला नेमकं हेच हवं होतं. कुणी न सोडता, कुणी न आणता, आपलं आपण जायचं, चुकायचं, विचारत विचारत परत यायचं. तिनं मला ते करू दिलं होतं. आणि मी काय केलं, तर तिच्यासाठी बाथरूममध्ये दांडे बसवले. मी तिचा हात धरला आणि म्हणाले, "बरं." एवढंच जमलं. ब्रूनाआजींना काय वाटलं कुणास ठाऊक, त्यांनी आम्हा दोघींचेही मुके घेतले.

उरलेल्या दिवसांत माझा बेत बासनात गेला. रोज सकाळी आई भाजीला जायची, रोज थोडी चुकायची, आणि आल्यावर कुठली नवी देवी भेटली ते सांगायची. राजवाडे, चित्रं, छतं आम्ही पाहिली, ती सुंदर होतीच. पण आईचं जिनोआ "झालं" नाही, ती तिथे राहून आली असं ती आता साताऱ्यात सगळ्यांना सांगते. ब्रूनाआजींनी तिला वरण शिजवायला लावलं म्हणे, तेही ती सांगते. हे वरण आम्ही कुणी पाहिलेलं नाही.

आमच्या ग्रुपमधल्या मैत्रिणी विचारतात, "काय गं, काकूंचं ठरलं का?" ती येणार नाही असं मी सांगितलं की त्यांचा चेहरा पडतो, मला काही झालंय अशा आवाजात बोलतात. त्यांचंही बरोबर आहे, त्यांच्या घरी हाच प्रश्न टेबलावर आहे. मी त्यांना काय सांगणार? पूर्वी मला वाटायचं, सगळी आपली माणसं एका छपराखाली आली की घर पुरं झालं. आता वाटतं, ज्या गावात आपण एकटे बाहेर पडून एकटे परत येऊ शकतो, तिथे आपलं घर असतं. आईचं साताऱ्यात आहे. माझं इथे आहे. तिची आठवण येत राहते, दिवाळीत जास्त येते, आणि ती येणारच. पण टोचणी गेली.

हे मला कळलं ते जिनोआहून परतल्यावर. आई ठरल्याप्रमाणे थोडे दिवस राहायला आली होती, आणि विमानतळावरून मी तिला घेऊन घरी निघाले होते. अन्वी मागे कानात हेडफोन घालून बसलेली. संध्याकाळचं ऊन पाइनच्या झाडांमधून रस्त्यावर येत होतं. मी एक एक्झिट घेतली, मग ट्रॅफिक बघून आतल्या रस्त्यानं वळले, तळ्याला वळसा घालून.

"मॅप नाही लावलास?" आईनं विचारलं.

"नाही. कशाला? पाठ आहे सगळं."

"पाठ आहे?" तिनं माझ्याकडे वळून पाहिलं, मग बाहेर पाहिलं, दुकानं, सिग्नल, वळणं. "हो की. तुला हे गाव पाठ आहे."

आई गाडीत कधी झोपत नाही. बाबा चालवत असले तरी ती रस्त्यावर डोळे ठेवून बसायची, आणि माझ्या गाडीत तर पट्टा दोन्ही हातांनी धरून. पुढच्या सिग्नलला मी बाजूला बघितलं तर तिचे हात मांडीवर सैल पडले होते, डोकं खिडकीला टेकलेलं, आणि ती गाढ झोपली होती.